धक्क्यावाचून बार्ज : नर्मदाकाठच्या खर्चाचा न मांडलेला हिशेब

सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांच्या उत्तर सीमेवर एक विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला. काठावरच्या पाड्यांसाठी होडी हेच वाहन आणि पाणी हाच रस्ता ठरला. शासनाने बार्ज दिल्या, तरंगता दवाखाना दिला, बोट ॲम्ब्युलन्सही दिली. परंतु या बोटींत सुखरूप चढण्या-उतरण्यासाठी जो धक्का लागतो, त्याचा विचार बहुसंख्य ठिकाणी मागेच पडला. धक्का बसविण्यास किती खर्च येतो, एवढाच हा प्रश्न नाही. तो वर्षानुवर्षे टिकवून ठेवण्याचा खर्च कोणी आणि कोणत्या खात्यातून करायचा, हा खरा प्रश्न आहे.

तळ्याकाठच्या घरासमोर लाकडी धक्का आणि त्याला बांधलेली होडी, हे परदेशी चित्रपटांत दिसणारे दृश्य आपल्याकडे हौसेचे मानले जाते. सातपुड्याच्या उत्तर उतारावर राहणाऱ्या आदिवासी कुटुंबांसाठी मात्र तळ्याकाठचे घर ही हौस नाही. त्यांनी तळे शोधले नाही, तळेच त्यांच्या दारापर्यंत आले.

दारापर्यंत आलेले पाणी

नंदुरबार हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला जिल्हा. त्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते. सरदार सरोवर प्रकल्पात महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित ठरली. त्यांपैकी ९ अक्कलकुवा तालुक्यातील, तर २४ अक्राणी म्हणजेच धडगाव तालुक्यातील आहेत. धरणाला सर्वांत जवळचे मणिबेली हे गाव १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धातच बुडिताच्या बातम्यांमुळे देशभर पोहोचले. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २००० मधील निकालानंतर धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढत गेली. २००६ अखेर ती १२१.९२ मीटरपर्यंत पोहोचली. पुढे दरवाजे बसवून १३८.६८ मीटर ही अंतिम पातळी निश्चित झाली. सप्टेंबर २०१७ मध्ये धरणाचे लोकार्पण झाले आणि २०१९ च्या सप्टेंबरमध्ये जलाशय प्रथमच पूर्ण क्षमतेने भरला.

बाधित कुटुंबांपैकी अनेकांचे पुनर्वसन तळोदा तालुक्यातील सोमावल, रोझवा यांसारख्या वसाहतींत करण्यात आले. तथापि डोंगरउतारावर पाण्याच्या रेषेवर ज्यांची शेते आणि झोपड्या होत्या, ती कुटुंबे मूळ ठिकाणीच राहिली. त्यांचे घर बुडाले नाही, परंतु नदीकाठाने जाणारी पायवाट बुडाली, नाल्यांची मुखे बुडाली, एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जाण्याचे उतार बुडाले. पूर्वी उन्हाळ्यात पायी ओलांडता येणारा नाला आता खाडीसारखा आत शिरला आहे. कागदोपत्री बाधित नसलेला पाडादेखील त्यामुळे व्यवहारात बेटासारखा झाला.

बोट आली, उतरण्याची जागा नाही

या परिस्थितीवर उपाय म्हणून प्रशासनाने जलमार्गाचा आधार घेतला, ही गोष्ट नोंदवलीच पाहिजे. आरोग्य विभागाचे तरंगते दवाखाने या पट्ट्यात फिरले. करोनाच्या साथीत २०२१ मध्ये तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या काळात बोट ॲम्ब्युलन्सचा उपयोग लसीकरणासाठी नर्मदाकाठच्या गावांपर्यंत पोहोचण्याकरिता झाला. त्याच्या आधीच्या वर्षी, २०२० मध्ये, चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनी स्वतः होडी वल्हवत दिवसाला सुमारे १८ किलोमीटरचा जलप्रवास करून बालकांना आणि गरोदर मातांना पोषण आहार पोहोचविला. देशभरातील वृत्तपत्रांनी त्यांचे कौतुक केले. त्या कौतुकात एक तपशील मात्र सहसा हरवून गेला. होडी काठाला लागल्यानंतर आहाराच्या पिशव्या उचलून चढण चढावी लागत होती, आणि दिवसभर वल्हवून दुखणारे हात तेच ओझे वर नेत होते.

बोटीच्या प्रवासातील धोका केवळ भर पाण्यात असतो, असा एक समज आहे. वस्तुतः चढणे आणि उतरणे हा प्रवासातील सर्वांत अस्थिर क्षण असतो. काठ उताराचा असेल तर होडीचे फक्त टोक जमिनीला टेकते. सारे प्रवासी त्याच टोकाकडे सरकतात, भार एका बाजूला जातो आणि होडी कलते. त्यातच जलाशयाची पातळी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या काठावर गाळाचा थर राहतो. वरून सुकलेला दिसणारा हा गाळ आत दलदलीसारखा असतो. गुरे त्यात रुतून बसल्याच्या तक्रारी या गावांनी वर्षानुवर्षे केल्या आहेत. प्रसूतीच्या कळा सुरू झालेल्या स्त्रीला झोळीत घालून चार माणसांनी त्या गाळातून होडीपर्यंत नेणे म्हणजे काय, याची कल्पना करता येईल. रेशनच्या धान्याची पोती, शाळकरी मुले, आजारी वृद्ध, सर्वांनाच हीच वाट आहे.

१५ जानेवारी २०१९ रोजी, मकरसंक्रांतीच्या दिवशी, धडगाव तालुक्यातील भूषा येथे नर्मदेत भाविकांची बोट उलटून किमान ६ जणांचा बळी गेला. क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक माणसे त्या बोटीत होती. अशा दुर्घटनेचे खापर एकट्या धक्क्याच्या अभावावर फोडणे योग्य होणार नाही. परंतु नेमका धक्का असतो तिथे माणसे मोजून सोडता येतात, जीवरक्षक जाकिटे वाटता येतात, भरलेली बोट थांबविता येते. जिथे कोठूनही कोणीही चढू शकतो, तिथे नियम पाळायला लावणारा उंबरठाच नसतो. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगाव ते इंदापूर तालुक्यातील कळाशी या मार्गावर वादळी वाऱ्यात बोट उलटून ६ जण मृत्युमुखी पडले. धरणांच्या फुगवट्यातील प्रवासी वाहतूक ही राज्यभरची दुर्लक्षित बाब आहे, हेच त्यातून पुन्हा दिसले.

अठ्ठावीस मीटरचा पेच

मग धक्का बांधला का जात नाही? उत्तर केवळ अनास्थेत शोधणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. खरा पेच पाण्याच्या पातळीत आहे.

सरदार सरोवराची पूर्ण संचय पातळी १३८.६८ मीटर आहे, तर किमान पाणीवापर पातळी ११०.६४ मीटर. या दोहोंतील अंतर २८.०४ मीटर भरते. म्हणजे सुमारे नऊ मजली इमारतीच्या उंचीइतके पाणी वर्षभरात वर-खाली होऊ शकते. दरवर्षी ते पूर्ण अंतर कापतेच असे नाही, पण धक्का उभारणाऱ्याला त्याची तयारी ठेवावीच लागते. २०१८ मध्ये गुजरातने पाणीटंचाईमुळे किमान पातळीखालील मृतसाठ्यातील पाणीही उचलले होते. पातळी ठरते ती पाऊस, सिंचनाची मागणी आणि वीजनिर्मिती यांवर. त्यांतील एकही गोष्ट काठावरच्या गावाच्या हाती नाही.

याचा जमिनीवरील परिणाम साध्या गणिताने कळतो. काठाचा चढ एकास चार या प्रमाणात असेल, तर २८ मीटरच्या फरकाने पाण्याची कड ११२ मीटर मागे-पुढे सरकते. नाल्याच्या मुखाशी चढ एकास दहा इतका सौम्य असेल, तर ती २८० मीटर सरकते. कोकणच्या खाडीतील काँक्रीटच्या धक्क्याप्रमाणे एका जागी पक्का धक्का बांधला, तर तो पावसाळ्याअखेर पाण्याखाली जाईल आणि उन्हाळ्यात डोंगराच्या कडेवर कोरडा उभा राहील. वर्षातील मोजक्या आठवड्यांपुरताच तो उपयोगी पडेल.

तीन पर्याय, तीन खर्च

पहिला पर्याय काँक्रीटच्या उताराचा. पूर्ण पातळीपासून खालपर्यंत डोंगराच्या अंगाने पायऱ्यांची किंवा खरखरीत पृष्ठभागाची एक पट्टी उतरवायची. पाणी जिथे असेल तिथे होडी लागते. यात हलणारा भाग नाही, हा मोठा फायदा. परंतु पाण्याखालचा भाग बांधायचा तर पातळी किमान असतानाच काम करावे लागते, म्हणजे वर्षातील फार थोडे दिवस हाती येतात. सिमेंट, खडी, लोखंड आणि यंत्रसामग्री रस्ता नसलेल्या जागी बोटीनेच न्यावी लागते. बांधकामाच्या खर्चात वाहतुकीचाच वाटा मोठा होतो. शिवाय दरवर्षी साचणारा गाळ काढला नाही, तर पायऱ्या दोन-तीन हंगामांत पुन्हा काठासारख्याच निसरड्या होतात.

दुसरा पर्याय तरंगत्या धक्क्याचा. उच्च घनतेच्या प्लास्टिकचे पोकळ ठोकळे एकमेकांत अडकवून तो तयार होतो. प्रचलित ठोकळा ५० सेंटिमीटर लांब व तितकाच रुंद असतो, म्हणजे एका चौरस मीटरला चार ठोकळे लागतात. असा एक चौरस मीटर साधारण ३५० किलो भार तोलतो. ६ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद धक्क्याला ७२ ठोकळे पुरतात आणि त्याची एकूण भारक्षमता सुमारे ६,३०० किलो होते. सुरक्षेसाठी निम्मीच धरली, तरी तीसेक माणसे आणि त्यांचे सामान त्यावर उभे राहू शकते. ठोकळे हलके असल्याने ते बोटीतून नेता येतात, ही सातपुड्याच्या दृष्टीने महत्त्वाची बाब. पाण्याबरोबर हा धक्का वर-खाली होतो, म्हणून होडीची कड आणि धक्क्याची उंची यांतील फरक कायम सारखा राहतो. कोचीमध्ये एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेल्या वॉटर मेट्रोने हेच तत्त्व वापरले आहे.

तथापि कोचीचे अनुकरण जसेच्या तसे येथे चालणार नाही. खाडीतील भरती-ओहोटीचा फरक मीटरभराच्या आसपास असतो, येथे तो २८ मीटर आहे. धक्का काठाला जोडणाऱ्या पुलाचा चढ व्हीलचेअर किंवा स्ट्रेचर नेता येईल असा, म्हणजे एकास बारा, ठेवायचा तर २८ मीटरसाठी ३३६ मीटर लांबीचा पूल लागेल. असा पूल कोणी बांधणार नाही. त्यामुळे धक्काच काठासोबत सरकवत न्यावा लागतो.

तिसरा पर्याय लोकांनी स्वतः शोधलेला. रिकामी पिंपे, बांबू आणि दोर यांचा तराफा. खर्च अल्प, दुरुस्ती गावातच, मात्र भारक्षमतेची खात्री नाही आणि पुरात वाहून जाण्याची भीती कायम.

बसविणे स्वस्त, सांभाळणे महाग

शासकीय अंदाजपत्रकात धक्क्याची किंमत म्हणजे बसविण्याची किंमत. काम झाले, देयक निघाले, छायाचित्र छापून आले की विषय संपतो. तरंगत्या धक्क्याचा खरा खर्च मात्र त्या दिवसापासून सुरू होतो.

पाणी उतरू लागले की धक्का वेळेवर खोल पाण्याकडे ढकलावा लागतो. उशीर झाला तर तो उतारावर टेकून तिरपा होतो आणि जोडांवर ताण येऊन खिळ्या तुटतात. पाणी चढू लागले की नांगराचे दोर सैल सोडावे लागतात, अन्यथा धक्का एका बाजूने पाण्यात ओढला जातो. पावसाळ्यात वरून वाहून येणारे ओंडके आणि झाडोरा त्याला धडकतात. उन्हाने नायलॉनचे दोर कुजतात, साखळ्या गंजतात. हे सारे सांभाळण्यासाठी यंत्र लागत नाही, रोज पाण्यावर नजर ठेवणारा माणूस लागतो. अंदाजपत्रकात जागा नसते ती नेमकी त्याला.

केवळ समजण्यासाठी एक गृहीत हिशेब मांडू. एक धक्का वाहतुकीसह बसविण्यास १० लाख रुपये लागले असे धरू. दुरुस्तीसाठी दरवर्षी मूळ खर्चाच्या ५ टक्के, म्हणजे ५० हजार रुपये. देखभाल करणाऱ्या स्थानिक माणसाला दरमहा १० हजार मानधन, म्हणजे वर्षाला १ लाख २० हजार. एकूण वार्षिक खर्च १ लाख ७० हजार. दहा वर्षांत हा आकडा १७ लाखांवर जातो, बसविण्याच्या खर्चाच्या जवळपास पावणेदोन पट. ३३ गावांना प्रत्येकी एक धक्का द्यायचा, तर उभारणीला ३ कोटी ३० लाख आणि त्यानंतर दरवर्षी ५६ लाख १० हजार रुपये लागतील. प्रत्यक्ष दर निविदेनुसार कमी-अधिक होतील, पण प्रमाण फारसे बदलणार नाही. देखभालीची तरतूद नसलेला धक्का म्हणजे दोन-तीन पावसाळ्यांनंतर काठावर पडलेले प्लास्टिक, हे या हिशेबाचे तात्पर्य.

कोणाच्या खात्यावर?

येथे खातेनिहाय गुंता सुरू होतो. जलाशय जलसंपदेचा विषय, पण धरण गुजरातच्या ताब्यात. काठाची वाट सार्वजनिक बांधकाम विभागाची किंवा जिल्हा परिषदेची. बोट ॲम्ब्युलन्स आरोग्य विभागाची. लाभार्थी आदिवासी विकास विभागाचे. बंदरे आणि जलवाहतूक पाहणारे महाराष्ट्र सागरी मंडळ मुंबईत, आणि त्याचे लक्ष स्वाभाविकपणे समुद्रकिनाऱ्यावर. प्रत्येक खात्याकडे धक्क्याचा एक तुकडा आहे, संपूर्ण धक्का कोणाकडेच नाही.

नर्मदा पाणीतंटा लवादाने १९७९ मध्ये दिलेल्या निवाड्यानुसार महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातील विस्थापितांच्या पुनर्वसनाचा खर्च गुजरातने द्यावयाचा आहे. याच निवाड्यात निर्माण होणाऱ्या विजेचा २७ टक्के वाटा महाराष्ट्राला ठरवून दिला गेला. १,४५० मेगावॉट स्थापित क्षमतेच्या हिशेबाने तो सुमारे ३९१ मेगावॉट होतो. प्रकल्पाच्या लाभात राज्याचा हिस्सा मोजून ठेवला गेला, परंतु जलाशयामुळे कायमचा उद्भवलेला दळणवळणाचा खर्च कोणाचा, हे काठावरच्या माणसाला आजही सांगता येत नाही. पुनर्वसन म्हणजे उठवून दुसरीकडे नेणे, एवढाच अर्थ धरला की जागेवर राहिलेला माणूस हिशेबातून गळतो.

प्रशासनाच्या बाजूनेही दोन आक्षेप घेतले जातात आणि ते विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, धक्के दिल्यास लोक बुडिताच्या काठावरच राहतील आणि पुनर्वसनाला खीळ बसेल. दुसरा असा की, जलमार्गावर खर्च करण्यापेक्षा रस्तेच करावेत. पहिल्या आक्षेपाला उत्तर असे की, ज्यांची जमीन पाण्याच्या रेषेवर आहे त्यांना हलविण्याची योजनाच नसेल, तर सोयी रोखून ते हलणार नाहीत, त्यांची मुले मात्र उपचाराला मुकतील. दुसरा आक्षेप तत्त्वतः मान्य आहे. रस्ता झाला तर धक्क्याची गरज निश्चितच कमी होईल. पण सातपुड्याच्या कड्यांतून, वनजमिनीतून प्रत्येक पाड्यापर्यंत बारमाही रस्ता होण्यास जो काळ लागेल, त्या काळात येणाऱ्या प्रत्येक पावसाळ्याचे काय, याचे उत्तर त्यात नाही.

धरणाच्या पलीकडचे चित्र

तुलना टाळूनही टळत नाही. सरदार सरोवराच्या परिसरात, केवडिया येथे, ३१ ऑक्टोबर २०२० रोजी साबरमती रिव्हरफ्रंटपासून सी-प्लेन सेवा सुरू झाली. त्यासाठी पंचमुळी तलावात तरंगता धक्का बसविण्यात आला. एप्रिल २०२१ मध्ये ती सेवा थांबली. अलीकडच्या वर्षांत मध्य प्रदेशातील कुक्षी परिसरापासून स्टॅच्यू ऑफ युनिटीपर्यंत क्रूझ पर्यटनाची योजनाही जाहीर झाली आहे. ही जहाजे धावतील ती नंदुरबारच्या याच पाड्यांसमोरून.

येथे न्याय्य भेद केला पाहिजे. पंचमुळी हा मुख्य जलाशयापासून वेगळा तलाव आहे, तिथे २८ मीटरचा पेच नाही. त्यामुळे 'तिथे झाले, इथे का नाही' हा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या पूर्णपणे रास्त नाही. मात्र पर्यटकासाठी धक्का लागतो हे ज्यांना तत्काळ उमगते, त्यांना रुग्णासाठीही तो लागतो हे उमगण्यास वेळ का लागावा, हा प्रश्न उरतोच.

करता येण्याजोगे

सर्व ३३ गावांत एकाच वेळी धक्के बसविण्याचा आग्रह व्यवहार्य नाही. ज्या थांब्यांवर आरोग्यसेवेची बोट नियमित थांबते, अशा मोजक्या जागा प्रथम निवडता येतील. तिथे वरच्या पातळीपर्यंत काँक्रीटचा साधा उतार आणि त्याच्या पायथ्याशी सरकता तरंगता धक्का, असा मिश्र उपाय योग्य ठरेल. उतारावर ठरावीक अंतराने लोखंडी कड्या बसविल्या, तर पातळीनुसार धक्का एका कडीवरून दुसऱ्या कडीला बांधता येईल आणि काही माणसांच्या बळावर काम भागेल.

देखभालीसाठी गावातीलच नावाडी किंवा मासेमार नेमणे सर्वांत शहाणपणाचे. पाण्याची चाल त्यांना कळते. २०१५ पासून राज्यात पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी थेट दिला जातो. त्याच्या विनियोगाचा निर्णय ग्रामसभा घेते. किरकोळ दुरुस्तीचा भार या निधीतून उचलता येईल. परंतु माणसाचे मानधन आणि मोठी दुरुस्ती यांसाठी जिल्हा वार्षिक योजनेत स्वतंत्र, दरवर्षी येणारे लेखाशीर्ष हवे. एकदाच मिळणाऱ्या विशेष निधीवर हा डोलारा उभा राहणार नाही.

याहूनही स्वस्त, किंबहुना जवळपास बिनखर्चाचा एक उपाय आहे. धरणातून पाणी सोडण्यापूर्वी किंवा अडविण्यापूर्वी पातळीतील अपेक्षित बदल काठावरच्या गावांना आदल्या दिवशी कळविणे. खालच्या बाजूच्या गावांना विसर्गाचा इशारा दिला जातो, वरच्या बाजूच्या गावांनाही पाणी चढण्या-उतरण्याची सूचना मिळाली तर धक्का सांभाळणाऱ्याचे निम्मे काम सोपे होईल. त्याला जोड हवी ती दर पावसाळ्यापूर्वी बोटी आणि धक्क्यांच्या तपासणीची. देशात २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आहे. त्यातील नोंदणी आणि सुरक्षेच्या अपेक्षा नर्मदेच्या या टोकापर्यंत पोहोचविण्यासाठी तपासणी अधिकाऱ्याला उभे राहण्यापुरती तरी जागा काठावर हवी.

रस्त्याच्या कामात पूल बांधून त्याचे जोडरस्ते सोडून देण्याचा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. नर्मदाकाठी तेच पाण्यावर घडत आहे. बोट खरेदी करणे हे एका वर्षाचे काम, धक्का सांभाळणे हे दरवर्षीचे. पहिल्यासाठी घोषणा पुरते, दुसऱ्यासाठी लेखाशीर्ष लागते. येत्या पावसाळ्यात जलाशय पुन्हा भरेल, त्यानंतर पुन्हा उतरेल आणि झोळीतील रुग्णाला घेऊन चार माणसे पुन्हा गाळात उतरतील. पाणी ठरल्याप्रमाणे दरवर्षी येते. तरतूदही तशीच दरवर्षी यावी, एवढीच अपेक्षा आहे.